रिमोटचं स्वराज्य

औंधच्या माणसाला लोकशाही शिकवायला कोणी येऊ नये. देश स्वतंत्र व्हायला आठ वर्षं बाकी होती, तेव्हाच, जानेवारी १९३९ मध्ये, आमच्या राजाने आपणहून राज्य प्रजेच्या हवाली केलं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे ते राजे. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी संविधान करवून घेतलं, गावोगाव पाच-पाच पंच निवडून द्यायला सांगितले आणि स्वतः पहाटेच्या सूर्यनमस्कारांना मोकळे झाले. आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं ते बहात्तर गावांचं संस्थान. गावाला काय हवं ते गावाने ठरवावं, अशी ती साधी कल्पना होती.

आधी पत्त्याचा खुलासा करतो, कारण पुढे त्यावरून घोटाळा होणार आहे. पुण्यातलं औंध वेगळं. तिथे मॉल आहेत, आणि चारचाकी लावायला जागा नाही. आमचं औंध खटाव तालुक्यातलं. वर डोंगरावर यमाई, डोंगराच्या अंगाला श्री भवानी चित्रसंग्रहालय. त्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. चारचाकी कुठेही लावा.

तर या गावात १ फेब्रुवारी २०१९ रोजी दुसरं स्वराज्य आलं. हे दिल्लीहून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पाठवलं होतं. आदेश असा, की प्रेक्षकाने पाहिजे ते चॅनेल निवडावेत आणि निवडलेल्याचेच पैसे द्यावेत. प्रेक्षक राजा झाला. आता आमच्याकडे राजाने काय करायचं असतं, हे ठरलेलं आहे. मी त्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर रिमोट सतरंजीवर मधोमध ठेवला आणि सत्ता पंचायतीकडे सोपवली. पंच पाचच होते. आई, अण्णा, बायको, मुलगा आणि मुलगी. राजाकडे फक्त बिल भरण्याचं खातं राहिलं.

आईने पहिल्यांदा माघार घेतली. "मला काय बी नको. म्हातारीला काय करायचाय टीव्ही? सकाळचं देवाचं कायतरी लागलं म्हंजे झालं. आन् ती सातची मालिका. आन् साडेसातची. आन् आठची मी बघत न्हाय, पर ती लागली पाहिजे, न्हायतर साडेआठची कळत न्हाय."

अण्णांना बातम्यांचे पाच चॅनेल हवे होते. मी म्हटलं, अण्णा, बातमी एकच असते, पाच चॅनेल कशाला? अण्णांनी चष्मा काढला. "चार खोटं बोलत्यात. कंचे चार, ते कळाया पाचवं लागतंय."

मुलाला खेळाचे सगळे चॅनेल हवे होते आणि तेही एचडी. साध्यात बॉल दिसत नाही म्हणे. आमच्या पिढीने रेडिओवर अख्ख्या कसोट्या पाहिल्या, तेव्हा कुठे बॉल दिसत होता? पण पंचाला बोलायचं नाही, असं ठरलं होतं. मुलीला कार्टून. बायको सगळ्यात शेवटी बोलली. "चॅनेल तुमचे तुम्ही ठरवा. मला फक्त नऊ ते साडेनऊ रिमोट द्या." सत्ता कशात असते, हे आमच्या घरात एकटीला कळलेलं आहे.

मग मी वहीत आकडेमोड मांडली. नियम असा होता, की पहिल्या शंभर चॅनेलांसाठी जाळ्याचं भाडं १३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे नुसतं उंबरा ओलांडायचं भाडं. त्या शंभरात दूरदर्शनचे चॅनेल सक्तीने बसलेले. मग ज्यांना पैसे पडतात, असे चॅनेल आपण आपल्या पसंतीने घ्यायचे. एखादा चॅनेल पॅकमध्ये घालायचा असेल, तर त्याची किंमत महिना १९ रुपयांच्या वर जाऊ द्यायची नाही, अशी ट्रायने अट घातली होती. सरकारने कमाल मर्यादा सांगितली, की ती आपल्याकडे किमान समजली जाते. बऱ्याच नावाजलेल्या चॅनेलांनी नेमके १९ रुपयेच लावले. शंभराच्या वर गेलात, तर दर पंचवीस चॅनेलांमागे आणखी वीस रुपये. आणि एक एचडी चॅनेल मोजताना दोन धरायचे. म्हणजे मुलाच्या पसंतीचे चॅनेल एसटीत दोन सीट अडवून बसणाऱ्या पाहुण्यासारखे होते आणि त्यांचं तिकीटही मलाच काढायचं होतं.

कवी गदिमा आमच्या औंधच्या शाळेत शिकले. मॅट्रिकला त्यांना गणिताने दगा दिला, असं सांगतात. हे बिल मांडताना मला त्या शाळेचा फार आधार वाटला. तीनदा बेरीज केली, तीन वेगळी उत्तरं आली, आणि तिन्ही आधीच्या बिलापेक्षा जास्त होती. नको ते सगळं काढून टाकल्यावर बिल वाढतं, हे गणित शाळेत शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. त्याने माझी वही पाहिली. दवाखान्यातली चिठ्ठी वाचून कंपाउंडर हसतो, तसं हसण्याची त्याची पद्धत आहे. "दादा, कशाला डोस्क्याला ताप करून घेताय? पॅक घ्या की."

"पॅकमध्ये काय काय येतं?"

"समदं."

"आणि आम्हाला नको ते?"

"ते बी."

खरी गोम तिथेच होती. सुटे पाच चॅनेल घ्यावेत, तर त्यांची बेरीज दहा-बारा चॅनेलांच्या पॅकच्या पुढे जायची. पॅकच स्वस्त. स्वयंपाकघरात कधी न लागणाऱ्या भाषेतला संगीताचा चॅनेल आणि पाळण्यातल्या मुलांचा इंग्रजी चॅनेल आमच्या घरात असा आला आणि राहिला. पंचायतीने ठराव मंजूर केला. म्हणजे रात्रभर चर्चा करून आम्ही तेच निवडलं, जे आदल्या दिवसापर्यंत न निवडता मिळत होतं. फरक एवढाच, की आता ते आमच्या पसंतीचं होतं, आणि म्हणून महाग होतं.

खरं तर करमणूक विकत घ्यायची आमच्या संस्थानाला सवय नाही. आम्ही ती तयार करून देणारी माणसं. दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं जानेवारी १९८७ मध्ये. आमच्या राजाने स्वतः चित्रं काढून 'चित्ररामायण' छापलं ते १९१६ मध्ये. राजा स्वतः कीर्तनालाही उभा राहायचा. निर्माता, कलादिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका एकाच माणसाकडे, आणि तिकीट नाही. 'महाभारता'चंही तसंच. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, म्हणून या राजाने १९१८ साली लाख रुपये देऊ केले. १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. टीव्हीवरचं महाभारत १९८८ ते १९९० या काळात ९४ भागांत आटोपलं. पंडितांनी सत्तेचाळीस वर्षं घेतली. मालिका लांबवायची कशी, हे मुंबईच्या निर्मात्यांनी कोणाकडून उचललं, ते आता वेगळं सांगायला नको.

गदिमांचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत, अशी छपन्न गीतं. आठवड्याला एक भाग, पुढच्या भागाची हुरहूर, आणि मध्ये साबणाची जाहिरात नाही. रेडिओचं लायसन्स तेवढं पोस्टात जाऊन काढावं लागे. ते एकदा भरलं, की वनवास, सीताहरण आणि लंकादहन त्याच पैशांत. हनुमान एचडीत पाहिजे असेल तर वेगळे पैसे, असं कोणी म्हणत नव्हतं.

केबल आली नव्वदच्या दशकात, तेव्हा तीही जवळजवळ घरचीच होती. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी छत्री असायची. तिथून निघालेली काळी वायर लिंबाच्या झाडावरून विजेच्या खांबावर आणि तिथून कोणाच्या तरी न्हाणीवरून आपल्या खिडकीत यायची. गावात वायर तुटली, की कोणाच्या बैलगाडीवरच्या कडब्याने तोडली, हे त्याला वायर न बघता कळायचं. दुपारी तो स्वतःच कॅसेट लावून पिक्चर दाखवायचा. कोणता, ते त्याची आई ठरवायची, त्यामुळे अख्ख्या गावाने एका म्हातारीच्या आवडीचे पिक्चर पाहिले आणि कोणाची तक्रार नव्हती. बिलाला तारीख नव्हती. "बटाटा निघाला की देतो," एवढ्यावर तीन महिने मालिका चालू राहायच्या. बटाटा निघाला आणि दर पडला, तर आणखी एक महिना.

मग ते डिजिटल झालं. खेड्यापाड्यांसाठी शेवटची मुदत होती ३१ मार्च २०१७. टीव्हीखाली एक काळा डबा येऊन बसला. डब्याला बटाट्याचा दर कळत नाही. पैसे संपले, की तो मालिकेच्या ऐन मध्यात सूनबाईचा हात वर उचललेला असताना थांबतो, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. तो हात कोणाच्या गालावर पडणार होता, या चिंतेत आईने एक रात्र काढली आहे.

नियम मात्र थांबले नाहीत. १ जानेवारी २०२० ला ट्रायने नवा आदेश काढला. १३० रुपयांत आता दोनशे चॅनेल, आणि पॅकमध्ये बसायचं तर चॅनेलची किंमत १२ रुपयांच्या आत. चॅनेलवाले कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये १२ चे पुन्हा १९ झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून चॅनेलवाले आणि केबलवाले भांडले, आणि देशातल्या पुष्कळ केबल जाळ्यांवरून मोठमोठे चॅनेल काही दिवस गायबच झाले. जुलै २०२४ मध्ये त्या १३० रुपयांवरची मर्यादाही उठली. भाडं किती घ्यायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. अण्णांनी ही बातमी पाचही चॅनेलांवर पडताळून पाहिली. या एका बाबतीत पाचही खरं बोलत होते.

तेव्हा पंचायतीने काटकसरीचा ठराव केला.

पहिला प्रयोग एका खासगी कंपनीच्या छत्रीचा. कंपनीचं नाव नको. छत्री उन्हाळ्यात उत्तम चालली. पावसाळ्यात आमच्या दुष्काळी भागावर ढग येतो तो तसा क्वचितच, पण तो नेमका आठच्या मालिकेला यायचा आणि चित्राचे चौकोनी तुकडे व्हायचे. खटाव-माणच्या माणसाने पावसाला शिव्या दिल्या, असा प्रसंग इतिहासात प्रथमच आमच्या ओसरीवर घडला. मी तक्रार नोंदवली. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात गाव विचारलं. मी सांगितलं, औंध. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, मी परिहार चौकात उभा आहे, तुमची सोसायटी कुठली?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सोसायटी आहे, पण ती विकास सेवा सोसायटी. तुम्ही पुण्यात आहात. मी यमाईच्या डोंगराखाली आहे."

तो म्हणाला, "पण सर, इथे औंधच लिहिलंय." आम्ही दोघंही औंधातच उभे होतो, त्यामुळे चूक कोणाचीच निघाली नाही. कंपनीच्या दफ्तरी मात्र 'ग्राहक घरी आढळला नाही' अशी नोंद झाली.

दुसरा प्रयोग सरकारी फुकट छत्रीचा. ही फ्री डिश म्हणजे दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली सोय. दीड-दोन हजारांत डबा आणि छत्री घ्यायची. पुढे महिन्याचं बिल नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून उडालेला आपला जीसॅट-१५ नावाचा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून हे सगळं फुकट खाली टाकतो. आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, पण छत्रीला दिसतो. आग्नेय म्हटल्यावर आईने हात जोडले. "चुलीची दिशा हाय. लावा." कंपनीने नेमलेल्या माणसापेक्षा वास्तुशास्त्राने काम लवकर केलं.

फुकटात पुष्कळ मिळतं. सह्याद्री मिळतं. मराठी पिक्चर मिळतात. आणि दक्षिणेतले हिंदी बोलणारे पिक्चर तर इतके, की एकाच हाताने सहा जीपगाड्या उलटवणारा माणूस पाहिल्याशिवाय आमच्या मुलीला घास उतरेना. फक्त एक अडचण झाली. खासगी चॅनेलवाले आपला ताजा माल या छत्रीत टाकत नाहीत. जुन्या मालिका टाकतात. आई जी मालिका केबलवर सोडून आली होती, तीच तिला इथे सापडली, पण फार मागच्या भागापासून. केबलवर जी सासू मरून तिचं वर्षश्राद्धही झालं होतं, ती इथे धडधाकट होती आणि सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती.

यातून आईचा दरारा वाढला. आमच्या आळीत घरोघरी फुकट छत्र्या. त्या घरांतल्या बायका संध्याकाळी ओसरीवर यायच्या आणि आवाज खाली आणून विचारायच्या, "आत्ती, पोरगं कुणाचं निघतंय वो?" आई डोळे मिटायची. "आत्ताच इचारू नगा. दिवाळीपत्तर कळंल." पैसे भरून पाहिलेल्या भूतकाळावर ती इतरांचं भविष्य सांगत होती. तिने दक्षिणा मागितली असती, तर केबलचं जुनं बिल वसूल झालं असतं.

तिसरा प्रयोग मोबाइलचा. २०२३ साली आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, तेव्हाच मुलाने जाहीर केलं होतं, की टीव्ही ही वस्तूच आता संपली. मग हळूहळू एकेका ॲपने पैसे मागायला सुरुवात केली, आणि आम्ही परंपरेने उपाय केला. पाव्हण्यांचा पासवर्ड घेतला.

इथे आमच्या भागाचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफांचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं हा तो धंदा. दक्षिणेतल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात भट्टीपाशी कोणीतरी आपल्याकडचं बसलेलं असतं. आमचे चुलतभाऊ तसेच तमिळनाडूत आहेत. तिथल्या केबलच्या पॅकात मराठी नसतं. वहिनी वेगळे पैसे भरून मराठी चॅनेल घेतात. "पोरांच्या कानावर आपली बोली पडती," म्हणून. त्या बिलाबद्दल दादा कधी कुरकुर करत नाहीत. आमच्या पंचायतीत ज्याची वाटणी चालली होती, त्याची किंमत तिकडे अशी होती, हे ऐकून मी क्षणभर गप्प झालो, आणि मग त्यांच्याच ॲपचा पासवर्ड मागितला.

पासवर्ड मिळाला. पण ॲप उघडायला ओटीपी लागतो, आणि तो जातो त्यांच्या फोनवर. दादा भट्टीपाशी. मुशीत सोनं वितळत असताना माणूस देवालाही उत्तर देत नाही. इकडे मुलगा ओरडतोय, "बाबा, शेवटची ओव्हर!" तिकडे दादांच्या हातात चिमटा. ओटीपी येतो, मुदत संपते, पुन्हा येतो. शेवटी दादांनी फोन केला. "आरं लेका, पन्नास तोळ्याची मूस उतरीवतोय मी. इतक्यांदा तर बँकेनं बी मला नंबर पाठीवला न्हाय." आम्ही ती मॅच दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली.

मग स्वतःची वर्गणी आली. 'कधीही रद्द करा' असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली उघडलेला हा तुरुंग. त्याला भिंती नाहीत. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. सहसा कोणी पळून जात नाही. यावरूनच पुढे शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला, १९५७ मध्ये. त्या पिक्चरचं लोकांना फार नवल वाटतं. ॲपवाल्यांनी तोच प्रयोग देशभर केला आहे. दार सताड उघडं आहे, कधीही निघून जा म्हणतात, आणि दर महिन्याला पैसे आपोआप कापले जात असताना आपण सगळे आत, आपापल्या वाफ्यात बसून आहोत.

वहीत हिशेब मांडला तेव्हा चित्र असं होतं. केबल बंद, सबब बचत. फुकट छत्री. मुलाचं ॲप. आईच्या ताज्या मालिकेसाठी दुसरं ॲप. अण्णा बातम्या मोबाइलवर पाहायला लागल्यामुळे त्यांचा डेटा दुपारी तीनला संपायचा, म्हणून मोठा रिचार्ज. प्रत्येकाचा पडदा वेगळा झाल्यामुळे चार्जर. आणि नऊ ते साडेनऊ रिमोट आयता मिळत असूनही बायकोला त्याची गोडी राहिली नव्हती, कारण तो हिसकावून घ्यायला कोणी उरलं नव्हतं. केबल तोडून आम्ही महिन्याला जेवढे वाचवत होतो, त्यापेक्षा जास्त खर्च ते वाचवण्यावर होत होता.

अशा वेळी केबलवाला पुन्हा दारात आला. खांद्यावर वायरीचं वेटोळं होतं. काळं नव्हे, पांढरं आणि बारीक.

"दादा, केबल नगं तर ऱ्हाऊ द्या. फायबर घ्या. नेट."

"आणि टीव्ही?"

"त्यात येतोय की. फुकाट."

"महिना किती?" त्याने आकडा सांगितला. आम्ही ज्या बिलाला कंटाळून केबल तोडली होती, त्याच्या तो दीडपट होता. मी पंचायत बोलावली. एरवी रात्रभर चालणारी चर्चा एका मिनिटात आटोपली, ठराव एकमताने मंजूर झाला. पांढरी वायर त्याच लिंबावरून, त्याच खांबावरून, खिडकीच्या त्याच भोकातून आत आली. बिल आता बटाट्यावर नाही, क्यूआर कोडवर.

पैसे घेऊन तो पायरी उतरला, थांबला आणि आईकडे वळला.

"काकू, ती सासू शेवटाला मरती का वो? आमची आई लई घोर लावून बसलीया."

आई म्हणाली, "का रं? तुझ्या घरात तर समद्या गावाची केबल हाय."

"धंद्याची हाय वो," तो म्हणाला. "घरी छत्री लावलीया. एवढं बिल परवडतंय व्हय कुणाला?"